खालचा बोर्ड

१

प्रेमलताकाकीचे हात आधी उठतात आणि डोळे मागाहून, असं शेजारची शर्मिला म्हणायची, आणि ती काही अगदीच थाप नव्हती. काकीला काचबिंदू होता. दोन्ही बाजूंची नजर गेलेली. समोर नळीतून बघावं एवढंच भोक उरलेलं. त्या भोकात तवा आला तर भाकरी मावायची नाही, आणि भाकरी आली तर चूल कुठे गेली ते कळायचं नाही. पण बाईने कधी भाकरी करपवली असेल तर शपथ! तोंडवलीच्या समुद्रावर येणारे पर्यटक फोन करून जेवण सांगत, बांगड्याचं तिखलं ओरपत आणि वर ‘जरा काकींना बाहेर बोलवा’ म्हणत. मग काकी पदराला हात पुसत पडवीत उभी राही आणि जिकडून आवाज येई तिकडे बघून हसे. नवरा रविकांत जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा अजय कल्याणला. तिचं म्हणावं असं ते स्वयंपाकघर तेवढं उरलं होतं आणि तिला ते पुरे होतं.

घर चिऱ्याचं, कौलारू. वायरिंग लाकडी पट्ट्यांवरून फिरवलेलं, त्यावर काळी गोल बटणं. चुलीजवळच्या बटणाचं झाकण कधीच पडून गेलं होतं. तिथे सुकाच हात लावायचा, हे घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. एके दिवशी काकीने मासे धुतलेला हात लावला आणि पिठाच्या डब्यावर जाऊन आदळली.

शर्मिलाने फोन केला. अजय रात्रीची गाडी पकडून आला.

“आये, आता पुरे. कल्याणाक चल.”

“कल्याणाक जावन काय करू? तुमच्या तिसऱ्या माळ्यार बसान खालची गाडये मोजू?”

खूप वादावादी झाली. शेवटी असं ठरलं की स्वयंपाकघर नव्याने करायचं. चूल काढायची, ओटा बांधायचा, सगळं वायरिंग उखडून नवं टाकायचं. काम पुरं झालं की अजय येणार, आईच्या डोळ्यांवर फडकं बांधणार आणि तिने त्याच्यासमोर अख्खं जेवण करून दाखवायचं. जमलं तर राहा. नाही जमलं तर पिशवी भर.

“आणि एक लक्षात ठेव,” अजय निघताना म्हणाला. “डोळ्यांचा मी समजान घेतंय. पण डोक्याचा काय येगळा दिसला, तर एक दीस हंय ठेवचंय नाय. तुळसामावशीचा झाला तसा माका नको.”

तुळसा काकीची थोरली बहीण. शेवटी शेवटी ती रिकाम्या खोलीशी बोलायची, ‘जरा सरक गो’ म्हणायची. तिला गाडीत घालून नेली ती परत आपल्या उंबऱ्याच्या आत आली नाही. अजयने नाव काढलं तशी काकीने मुकाट मान डोलावली.

२

वायरमन मितेश मालवणहून मोटारसायकलवर आला. कामाला चोख, पण तोंडाची टकळी अशी की पक्कड हातात धरून अर्धा तास गजाली मारील.

“काकी, लोक काय करतत, कागदार नकशो काढतत. मगे घरातली बाई म्हणता, मिक्सर हंय कित्याक लावलास? मी तसा करणंय नाय. माझ्याकडे आधी हात, मगे वायर. आता डोळे मिटा आणि रांदा.”

“काय रांदू रे मेल्या? चूल खंय आसा?”

“आसा समजान रांदा!”

चूल फोडून झाली होती. जमीन सिमेंटची झाली होती, भिंतींना नवा करडा गिलावा लागला होता, कडाप्प्याचा ओटा उभा होता. बाकी खोली रिकामी. मितेशने परातीत तांदळाचं पीठ घेतलं, काकीचे दोन्ही तळवे त्यात बुडवले आणि तिला मधोमध उभं केलं. जिथे जिथे हात जाईल तिथे भिंतीवर उठेल, आणि तिथेच पॉइंट निघेल, असा त्याचा हिशेब होता.

पहिल्यांदा काकीला लाज वाटली. साठी गाठलेल्या बाईने भातुकली खेळायची? पण ‘आता तांदूळ वैरले’ असं म्हणता म्हणता हात आपले आपण चालायला लागले. कढीला त्रिफळं, भाकरीला कोमट पाणी, वाफ अंगावर आली की डावीकडे टेकून उभं राहायचं. तळवा भिंतीवर बसे, मितेश लाल पेन्सिलने गोल काढी आणि ओरडे, “मिक्सर! दिवो! पंखो!” संपलं तेव्हा करड्या भिंतीवर पांढरे हात उठले होते. काकी खूश झाली. इतक्या वर्षांत ह्या घरात तिला कोणी विचारलं नव्हतं की बाई, तुझा हात कुठे जातो.

“आता तुमका आंधळ्या कोशिंबिरीतय कोण हरवचा नाय,” मितेश म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

३

दुसऱ्या दिवशी तो भिंतीला झिरी मारायला आला. पाइप बसवायला भिंतीत चर काढतात, ती झिरी. कटर सुरू करण्याआधीच त्याचा आवाज आला.

“काकी, ह्यो हात कधी मारलास?”

“खंयचो?”

“ह्यो काय, कोपऱ्यात.”

मागचं दार आणि जिथे फ्रीज येणार होता ती जागा, ह्यांच्यामध्ये एक कोपरा उरत होता. काकी वाकली. नजरेचं भोक सरकवत सरकवत खाली आणलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर भिंतीवर एक हात उठला होता. पिठाचा नव्हता. काजळीचा होता, काळा.

मी नाही मारला, असं म्हणायला तिने तोंड उघडलंसुद्धा. पण मितेश अजयला रोज फोन करून कामाचं सांगत असे. ‘काकींका आपलो हातच आठवणा नाय’ एवढं त्याने सहज म्हटलं असतं, की संपलं.

“माझोच तो,” काकी म्हणाली. “पीठ सपला होता. कोळसो घेतलंय.”

“पण इतक्या खाली?”

“नारळ काय उभ्यान खवतत? मी बसान खवतंय. थंयच मिक्सर लावतंय.”

“बघा! तां माझ्या ध्यानातच इला नाय.” मितेश उलट खूशच झाला. त्याने काळ्या हाताभोवती लाल गोल काढला.

खोटं इतक्या सहज तोंडातून आलं, की काकीला आपलंच नवल वाटलं.

४

दुपारी मितेश जेवायला गेला. काकी कोपऱ्यात फतकल मारून बसली. मनात हिशेब घालत होती. चूल फोडल्यापासून परसात तीन दगड मांडून रांधणं चाललं होतं. हाताला काजळी असणारच. संध्याकाळी आपण ओटा बघायला आत आलो, वाकलो, टेकलो. विसरलो. ह्यात काय आहे? माणूस चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो.

मन जरा निवलं. मग तिने आपला हात त्या काळ्या हातावर ठेवला.

डावा हात होता. मनगटाकडचा भाग नीट बसला. अंगठा बसला. पण बोटं पुरली नाहीत. तिच्या बोटांची टोकं जिथे संपली, तिथून पुढे आणखी एक पेर काळं उरत होतं. चारही बोटांना.

सासू? छे. सासूचे हात तिला ठाऊक होते; आखूड, फुगीर, अंगठ्याला भेग पडलेले. आणि सासूची चूल ह्या कोपऱ्यात कधी नव्हतीच. ह्या कोपऱ्यात काकी नवरी होऊन आली तेव्हापासून लाकडं रचलेली असत.

गिलावा ओला असताना हात घसरला असेल, म्हणून बोटं लांब उठली असतील. हो, तसंच. ती असं मनाशी म्हणत होती, तेवढ्यात मागे पाट सरकला.

पाट सरकल्याचा आवाज काय काकीला ओळखता येऊ नये? आयुष्य गेलं पाटावर. कोणी बसायला पाट ओढून घेतं तेव्हा होतो तो आवाज. पण पाट सगळे माजघरात नेऊन ठेवले होते. आणि खाली आता सिमेंट होतं. सिमेंटवर लाकूड खरखरतं. हा आवाज मऊ होता, शेणाने सारवलेल्या जमिनीवर येतो तसा.

“शर्मिला?” काकीने विचारलं.

कोणी उत्तर दिलं नाही. वळून बघावं? डोळस माणूस वळतो आणि एका नजरेत खोली बघतो. काकीला तसं नव्हतं. तिला ते भोक भिंतीवरून, जमिनीवरून, इंच इंच फिरवावं लागलं असतं, आणि ते कशावर जाऊन थांबेल ह्याची तिला भीती वाटली. ती वळली नाही. भिंतीला हात लावून उठली आणि चाचपडत मागच्या दाराने परसात गेली. मितेशची मोटारसायकल ऐकू येईपर्यंत उन्हातच उभी राहिली.

५

त्यानंतर काळे हात वाढत गेले. आज दाराच्या चौकटीशी एक, उद्या ओट्याच्या खाली आतल्या अंगाला एक. सगळे बसत्या माणसाच्या उंचीचे. मितेश विचारायचा, “काकी, ह्योय तुमचोच?” आणि काकी म्हणायची, “माझोच.” कशाला, ह्याचं काहीतरी उत्तर ती देऊन टाकायची. उंदरांसाठी दिवा. फोन चार्जिंगला. म्हाताऱ्या माणसाचं खूळ म्हणून तो हसायचा आणि गोल काढायचा. सगळे हात ठरल्याशिवाय कटर लावायचा नाही, म्हणून झिरी मारणं पुढे ढकलायचा.

एकदा मात्र काकीचा धीर सुटला. तो हात ओट्यापाशी, नेमका ती उभी राहणार त्या जागेच्या पायांजवळ उठला होता.

“ह्यो नको,” ती म्हणाली. “ह्यो चुकान लागलो. बुजव.”

मितेशने त्यावर गिलावा फिरवला. काकीने सुटकेचा श्वास टाकला. इतकं सोपं होतं तर आधीच का नाही म्हटलं, असंही तिला वाटलं.

सकाळी मितेश आला आणि दारातच थांबला.

“काकी, तुमी ह्या काय केलास?”

भिंतीवरचे पांढरे हात गेले होते. सगळे. पुसल्याची खूण नाही, पाण्याचा ओघळ नाही, लाल गोलसुद्धा नाही. वरची भिंत कोरी करकरीत, जणू तिथे कोणा बाईने कधी रांधलंच नव्हतं. खाली मात्र काळे हात जिथल्या तिथे, आपापल्या लाल गोलांत. आणि काल बुजवलेला तो नव्या गिलाव्यातून पुन्हा वर आला होता.

“काकी,” मितेशचा आवाज बदलला. गजाली मारणारा मितेश राहिला नाही. “खरां सांगा. तुमका बरां वाटता मां? अजयदादाक फोन करू?”

काकी भिंतीला टेकली. त्या एका क्षणात तिला सगळं दिसलं. गाडी, पिशवी, तिसरा माळा, सुनेच्या स्वयंपाकघरात ‘आई, तुम्ही बसा हं’ असं ऐकत काढायची उरलेली वर्षं. आणि हेही कळलं, की कोपऱ्यात जे बसलं होतं त्यालाही हे ठाऊक होतं.

“मीच पुसलंय,” ती म्हणाली. “माका पुन्ना नीट करूचा होता. पीठ आण.”

मितेश परात आणायला माजघरात गेला. तेवढ्यात काकी कोपऱ्याकडे तोंड करून, ओठ न हलवता म्हणाली, “तुझोय हात रवांदे. माझोय रवांदे.”

तिने डोळे मिटून पुन्हा सगळं जेवण रांधलं. ह्या वेळी तळवे भिंतीवर बसले ते पुसले गेले नाहीत.

“खालचे सगळे घाल,” तिने मितेशला सांगितलं. “एक सोडू नको.”

“मगे खाली येगळो बोर्डच देवचो लागतलो.”

“दी.”

६

वीज जोडली त्या दिवशी मितेशने हौसेने सगळी बटणं दाबून दाखवली. प्रत्येक बोर्डावर एक बारीक लाल दिवा होता, करंट चालू असल्याची खूण. काकीला तेवढा ठिपका लांबूनही दिसेल, म्हणून त्याने आठवणीने बसवला होता. मुलगा भला होता, त्यात काही वाद नाही.

तिन्हीसांजेला काकी एकटी आत आली. दिवा लावला नव्हता. वर तिच्या उंचीवर लाल ठिपके होते. तिने ते एकेक करून भोकात घेतले. हा मिक्सर, हा दिवा, हा पंखा. मग, नको नको म्हणत, नजर खाली नेली. कोपऱ्यात खालच्या बोर्डाचा ठिपका होता.

तो गेला.

विझला नव्हता. काकी इतकी वर्षं दिव्यांकडे बघत आली होती. विझणं आणि झाकणं ह्यातला फरक तिला कळत होता. काहीतरी त्याच्यासमोरून सावकाश सरकलं आणि ठिपका पुन्हा दिसला. त्याच्या जवळ, त्या तांबूस उजेडात, बोटाचं एक पेर दिसलं. भोकात एका वेळी तेवढंच मावत होतं. काकीने नजर बोटावरून मागे नेली, कारण आता थांबताही येईना. दुसरं पेर. तिसरं पेर. इथे तळवा लागायला हवा होता. तिथे चौथं पेर होतं.

टक, असं बटण वाजलं.

ती धडपडत मुख्य पेटीपाशी आली. खालच्या बोर्डाचा खटका कुठला ते मितेशने तिला बोटाने शिकवलं होतं. तिने त्यावर बोट ठेवलं. दाबलं की खालचं सगळं बंद. मग तिला ती कोरी भिंत आठवली. ह्या वेळी हात पुसले जातील ते भिंतीवरचेच असतील कशावरून?

तिने बोट काढून घेतलं.

७

अजय आला तो खूप थकलेला होता. मितेशने त्याला काय सांगितलं होतं कोण जाणे. आल्या आल्या त्याने आईचा चेहरा हातात धरून निरखला.

“बरी मां गो?”

“माका काय धाड भरली?” काकी म्हणाली. अजय हसला तसं तिला जरा बरं वाटलं.

दुपारी त्याने तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि स्वतः माजघराच्या उंबऱ्यावर बसला. तिथून ओटा दिसत होता. कोपरा फ्रीजच्या आड होता.

काकीने सुरुवात केली. हात चुकले नाहीत. गॅसचं बटण, दिव्याचं बटण, पंख्याचं बटण, सगळं जिथे हवं तिथे. बांगडे साफ केलेले होते, त्यांना कोकमाचं आगळ लावलं. पीठ उकडलं, मळलं, पहिली भाकरी थापली. भाकरी फुगल्याचा वास आला तेव्हा अजय म्हणाला, “वा आये!” आणि काकीला वाटलं, जिंकलं आपण. खरंच वाटलं. मुलाच्या आवाजातला ताण गेला होता, तिला ओरडून नाचावंसं वाटलं.

मग तिला वाटण आठवलं. नारळ, मिरची, धणे घातलेलं मिक्सरचं भांडं खालच्या कोपऱ्यात होतं. सकाळपासून होतं. तिने ते तिथे ठेवलेलं नव्हतं. ती वळणार, एवढ्यात कोपऱ्यात टक असं वाजलं आणि मिक्सर सुरू झाला.

काकीच्या हातातली दुसरी भाकरी तशीच राहिली. अजयला वाटलं असणार, आईने ओट्यावरूनच काहीतरी दाबलं. कुठलं बटण कशाचं हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! मिक्सर फिरत राहिला. आवाज जाड होता तो बारीक झाला. काकी मनात मोजत होती तसं. आता बंद करावा, असं तिला वाटलं आणि नेमका त्याच वेळी तो बंद झाला.

जायला तर हवंच होतं. ती कोपऱ्यात गेली, वाकली, भांड्याला हात घातला. उचललं. भांडं येईना. पलीकडून कोणीतरी धरून ठेवलं होतं. ओढलं नाही, हिसकलं नाही. नुसतं धरलं होतं.

“काय झाला आये?”

“काय नाय. घट बसलाहा.”

मग पलीकडचे हात सावकाश सुटले, एकेक बोट करून. काकी भांडं घेऊन उभी राहिली. बोटाने वाटण चाखलं तर लोण्यासारखं लागलं. तिला आयुष्यात इतकं बारीक वाटण जमलं नव्हतं.

अजय पोटभर जेवला. आणखी मागून घेतलं. आणि मग त्या एवढ्या मोठ्या बाप्याने ताटावरच डोळे पुसले.

“रव आये. हंयच रव. मी परत तुका काय बोलाचंय नाय.”

८

रिक्षा मागच्या बाजूला, सुरूच्या झाडांकडच्या रस्त्यावर उभी होती. काकी त्याला पोचवायला परसातून बांधापर्यंत आली. ऊन उतरायला लागलं होतं. शर्मिला सकाळीच मालवणच्या बाजाराला गेली होती, वाडीत कोणाची चाहूल नव्हती.

अजयने पिशवी खांद्यावर घेतली आणि थांबला.

“आये, एक विचारतंय. तुझ्या डोक्याचा नाय विचारणंय, मनाचा विचारतंय. एकटी रवतंस. तुका भिया नाय मां वाटणा?”

त्याने इतक्या मायेने विचारलं, की काकीच्या आत काहीतरी खटकन तुटलं. कसलं ते जिंकणं आणि कसलं ते स्वयंपाकघर! तिसरा माळा तर तिसरा माळा. वेडी म्हणाले तर म्हणोत. ह्या पोराच्या हाताला धरून आत्ताच्या आत्ता रिक्षात बसावं, घराला कुलूपसुद्धा लावू नये, असं तिला झालं.

“अजय,” ती म्हणाली. “रे, माका...”

“अगो, शर्मिला परत इली?” तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत अजय म्हणाला.

“खंय?”

“ती काय. रांदपाच्या खोलीत, दाराच्या आत. खाली बसलीहा. हात करता बघ.”

आणि त्याने हसून आपला हात वर केला, हलवला.

काकी जागच्या जागी थिजली. आजवर एक आधार होता. डोळे खराब आहेत, त्या भोकातून काय दिसेल त्याचा भरवसा नाही, असं ती रात्री अंथरुणात पडून स्वतःला सांगत असे. अजयचे डोळे चांगले होते. त्याला चष्मासुद्धा नव्हता.

“काळोखात बरोबर दिसणा नाय,” अजय पुटपुटला. “आनी हात केवढो लांब वाटता. थांब, तिका सांगान येतंय, आयेक जरा बघ म्हणान.”

त्याने घराकडे एक पाऊल टाकलं. काकीने झडप घालून त्याचं मनगट पकडलं. इतकं घट्ट, की तो कळवळला.

“नको.”

“अगो, दोन शब्द...”

“नको म्हटलंय मां! तीच ती. शर्मिलाच. माझी भांडी करता. तिका कामात बोललेला आवडणा नाय. तू जा. रिक्षा खोळंबलीहा, गाडी चुकात.”

अजयने आईकडे बघितलं. मग त्याचा चेहरा मोकळा झाला.

“बरां झाला. माका उगाच काळजी लागलेली. एकटी नाय तू.” तो तिच्या पाया पडला. “काय सांगी होतंस?”

“काय नाय रे. पोचलंस की फोन कर.”

“आनी कधी कंटाळलंस तर...”

“जा म्हणतंय मां!”

तो गेला. बांधावरून वळेपर्यंत दोनदा मागे बघून त्याने हात केला, आणि दोन्ही वेळा काकीने त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहून हात केला. रिक्षा सुरू झाली. आवाज सुरूच्या झाडांपलीकडे गेला, लांबला, मग समुद्राच्या आवाजात मिसळून गेला. काकी बराच वेळ घराकडे पाठ करून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

मागे टक असं वाजलं. जरा थांबून पुन्हा वाजलं. मग लागोपाठ वाजायला लागलं, टक टक टक, घाईला आलेल्या माणसाने हाक मारावी तसं.

“येतंय गो,” काकी म्हणाली आणि पदराला हात पुसत आत गेली.